पाळ कोणाची, पाणी कोणावर

तलाव कोणाचा, असे मी चौघांना विचारले आणि चार उत्तरे मिळाली. पानठेलेवाला म्हणाला, सेठजींचा. पाळीखालच्या खोल्यांत राहणाऱ्या एक बाई म्हणाल्या, सरकारीच असणार, एवढा तलाव कुणा एकाचा कसा असेल? जाळे सुकवत बसलेल्या पोराच्या मते मासळीचा ठेका ज्याचा, तलाव त्याचा. राखणदार म्हातारा मात्र पगार घेणारा माणूस. तो जरा थांबला आणि म्हणाला, 'मालिक तो गुजर गे, बेटा मन के बंटवारा नइ होय हे.' मालक वारले, मुलांची वाटणी व्हायची आहे. आपला सातबारा तसा तिकडे बी-वन. त्यावर अजून आजोबांचेच नाव आहे म्हणे. आजोबांनी पाळ घातली तेव्हा खाली धानाच्या बांध्या होत्या. आता खोल्या आहेत.

भनपुरी हे रायपूरचे उत्तरेकडचे टोक. बिलासपूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने, गोदामे, ट्रकांच्या रांगा; त्याला लागून बिरगाव, उरला, पुढे सिलतरा, असा सगळा लोखंडाचा पट्टा. माझा मावसभाऊ पस्तीसेक वर्षांपूर्वी नागपूरहून तिथे रोलिंग मिलमध्ये गेला आणि तिथलाच झाला. मी त्याला दादा म्हणतो. गेल्या सप्टेंबरात त्याचा फोन आला. 'तू पाटबंधाऱ्यात जन्म घालवलास ना, एक तलाव बघून दे.' स्थळ बघून द्यावे तसा तलाव बघून द्यायचा होता. गावापासून थोडे आत, नेमका कुठे ते सांगत नाही. त्या पट्ट्यात तसा तो एकटाच आहे असेही नाही.

पाळ सोळा फूट उंच, लांबी माझ्या पावलांनी तीनशे. पाण्याकडच्या बाजूचे दगडी पिचिंग जागोजाग खाली घसरलेले. माथ्यावर एक जुना अर्जुन, आठ-दहा बाभळी, वाळवीची दोन वारुळे. मधोमध, जिथून माणसे आणि मोटारसायकली पलीकडे जातात, तिथे माथा हातभर खचलेला. सांडवा एका टोकाला, तीन मीटर रुंद. मासे निसटू नयेत म्हणून त्यावर आडवी नायलॉनची जाळी, जाळीला अडकलेली जलपर्णी आणि प्लॅस्टिक, शिवाय पाणी जरा जास्त साठावे म्हणून विटांचे दोन थर. पायथ्याशी पाटी: निजी संपत्ति, प्रवेश निषेध. पाटीपासून वीस पावलांवर पाळीच्या बुडाशी ओल होती. बोटभर धार होती म्हणा. दादा म्हणाला, 'हेच दाखवायचं होतं. दरवर्षी येतं म्हणतात.'

पाणी झिरपते याचे मला काही वाटले नाही. मातीची पाळ झिरपणारच. न झिरपणारी मातीची पाळ मी नोकरीत पाहिली नाही. प्रश्न असतो पाणी एकटे येते की सोबत माती घेऊन येते, हा. मी पाण्याची रिकामी बाटली त्या धारेखाली धरून भरली. बघायला स्वच्छ होती. दादाच्या घरी खिडकीत ठेवली आणि जेवून झोपलो. सकाळी तळाशी नखाएवढ्या जाडीचा पिवळट थर बसला होता.

या थराचा अर्थ सांगण्यासाठी मातीचा बांध मरतो कसा ते सांगावे लागेल. त्याला मरणाच्या मुख्य वाटा दोनच. एक, पाणी माथ्यावरून जाणे. काँक्रीटच्या धरणावरून पाणी गेले तर ते काही तास तग धरते. मातीच्या पाळीवरून वीतभर पाणी गेले की खालच्या उताराची माती सुटू लागते, ओघळाची घळ होते, घळीचे खिंडार होते, आणि मग पाणी स्वतःच आपली वाट रुंद करत जाते. दुसरी वाट पोटातून. पाळीच्या आत कुठेतरी मोकळी माती असते, कुजलेले मूळ असते, उंदराचे बीळ असते, किंवा मोरीच्या नळाशेजारची माती नीट धुम्मस केलेली नसते. पाणी तिथून वाट काढते. बाहेर पडते त्या तोंडाशी मातीचे कण सुटतात, मग त्याच्या मागचे, मग त्याच्या मागचे. बोगदा खालून वर, पाण्याच्या दिशेने खणत जातो. आतून पोखरलेली पाळ बाहेरून शेवटपर्यंत पाळच दिसते. म्हणून जुन्या माणसांनी एक सोपी खूण ठेवली होती: झिरपा निर्मळ तर झोपा, गढूळ तर उठा. उठायचे म्हणजे भोकावर माती टाकून ते बुजवायचे नाही. तसे केले तर पाणी शेजारून फुटते. त्यावर आधी वाळू, मग बारीक गिट्टी, मग जाड गिट्टी टाकायची, म्हणजे पाणी येत राहील पण माती अडेल. सोबत तलावाची पातळी उतरवायची. दहा हजार रुपयांच्या आत होणारे काम आहे, वेळेवर केले तर.

आता हे लहान प्रकरण आहे असे वाचकाला वाटत असेल. मराठी माणसाच्या मनात धरण फुटणे म्हणजे पानशेत, १२ जुलै १९६१, पुण्याच्या पुलांवरून गेलेले पाणी. त्या आठवणीने आपले एक नुकसान केले आहे: आपत्ती म्हटली की ती मोठीच असली पाहिजे, मोठ्या भिंतीची, मोठ्या खात्याची, अशी आपली समजूत झाली. सोळा फुटांच्या पाळीला आपण मनात आणतच नाही. म्हणून जरा हिशेब करू. भनपुरीच्या त्या तलावाचा पाणपसारा तीनेक हेक्टर, सरासरी खोली दोन मीटर धरली तर ६०,००० घनमीटर पाणी. घनमीटरचे वजन एक टन. म्हणजे दहा टनी ६,००० ट्रक. भनपुरीत ट्रकांची भाषा सगळ्यांना कळते; ते सहा हजार ट्रक पाळीमागे चढणीवर उभे आहेत आणि हँडब्रेक मातीचा आहे, असे मी दादाला सांगितले तेव्हा तो हसला नाही.

दुसरा हिशेब सांडव्याचा. वरून येणारे पाणलोट क्षेत्र एक चौरस किलोमीटर धरा. तीन तासांत १०० मिलिमीटर पाऊस, मध्य भारतात असा पाऊस काही नवलाचा नाही. त्यातले निम्मे पाणी जमिनीत जिरले तरी ५०,००० घनमीटर तलावाकडे धावते, सेकंदाला सरासरी साडेचार घनमीटरहून थोडे जास्त. तीन मीटरचा सांडवा दोन फूट खोल भरून वाहिला तर सेकंदाला जेमतेम अडीच घनमीटर काढून देतो, तोही जाळी आणि विटा नसताना. उरलेले पाणी तलावात चढते, आणि त्याला माथ्याचा खचलेला हातभर तुकडा सगळ्यात आधी सापडतो. शिवाय वरची जमीन आता शेतजमीन राहिलेली नाही. तिथे गोदामांची काँक्रीटची अंगणे आहेत, त्यात निम्मे पाणी जिरेल हे मी उदारपणे धरले आहे.

जाळीचे म्हणाल तर तिला इतिहास आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचे मातीचे धरण एका खासगी क्लबच्या मालकीचे होते. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक अशी त्या काळातली श्रीमंतांची मांदियाळी त्यात सभासद होती. त्यांनी माथ्यावरून बग्गी नीट जावी म्हणून माथा खाली घेतला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या बसवल्या. तळातून पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते परत बसवले नाहीत. ३१ मे १८८९ ला जाळ्यांत काडीकचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेले आणि खालच्या जॉन्सटाउनमध्ये २,२०९ माणसे मेली. न्यायालयाने क्लबला जबाबदार धरले नाही. ते धरण आपल्या पाळीच्या चौपटीहून उंच होते हे खरे. पण जाळी तीच, हेतू तोच.

भारताचा धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. कायदा वाईट नाही. खासगी मालकालाही तो लागू आहे, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सांगतो, आणीबाणीचा आराखडा मागतो, कसूर झाल्यास तुरुंगही आहे. पण तो सुरू होतो कुठे? पंधरा मीटरच्या वर उंची असेल तर, किंवा दहा ते पंधरा मीटरच्या मध्ये असून लांबी, साठा, पूर अशांपैकी एखादा तरी निकष पुरा होत असेल तर. दहा मीटरच्या खालची पाळ कायद्याच्या नजरेला दिसतच नाही. देशात या अर्थाने मोठी धरणे पाच हजारांहून अधिक, त्यातली दोन हजारांहून जास्त एकट्या महाराष्ट्रात. आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या पाणसाठ्यांची पहिली गणना प्रसिद्ध केली तिच्यात आकडा होता २४,२४,५४०. त्यातले ५५ टक्क्यांहून थोडे जास्त खासगी मालकीचे. बहुतेक साधी तळी-डबकी असतील, शेततळी असतील, फुटली तरी कोंबडीही मरणार नाही. पण कोणती तशी आणि कोणती नाहीत, हे निवडणार कोण?

ब्रिटनने निवडले. १९२५ मध्ये वेल्समधल्या डॉलगॅरॉग गावावर एका ॲल्युमिनियम कंपनीचे धरण फुटून १६ माणसे गेली. पाच वर्षांत जलाशय सुरक्षेचा कायदा आला. १९७५ मध्ये तो सुधारला तेव्हा मोजमाप ठेवले साठ्याचे: जमिनीच्या पातळीवर २५,००० घनमीटरहून जास्त पाणी अडवले असेल तर तज्ज्ञ अभियंत्याची तपासणी सक्तीची, मालक कोणीही असो. वेल्सने पुढे तो आकडा १०,००० वर आणला. या मापाने भनपुरीची पाळ केव्हाच कायद्याच्या कक्षेत आली असती. आपण भिंतीची उंची मोजतो. फुटल्यावर खाली येते ते मात्र भिंतीमागे साठलेले पाणी.

तिवऱ्याचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. चिपळूण तालुक्यातले, सरकारी, मातीचे, बांधून वीसेक वर्षे झालेले. भेंदवाडीतली तेवीस माणसे वाहून गेली. गळती दिसते आहे अशी तक्रार ग्रामस्थांनी आधी केली होती. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत म्हणाले, खेकड्यांनी धरण पोखरले. महाराष्ट्र हसला, कुठे कुठे निषेध म्हणून खेकडे पोलीस ठाण्यात नेऊन दिले गेले. मला त्या हसण्यात तेव्हाही पूर्ण सामील होता आले नाही. खेकडा पाळ पोखरतो. उंदीर, घूस, साळिंदर, वाळवी, सगळे पोखरतात. मातीच्या बांधांच्या जगात हे कोणाला नवीन नाही. आणि नवीन नाही म्हणूनच ते कारण म्हणून सांगता येत नाही. घरात ढेकूण होणारच हे माहीत असलेल्या माणसाने खाटेला ऊन दाखवायचे असते. खेकड्याचे बीळ पावसाळ्याच्या आत शोधून बुजवणे हेच तर पाळीच्या मालकाचे काम. मंत्र्यांचे वाक्य चुकीचे नव्हते, अर्धवट होते. पुढचा अर्धा भाग असा की ते बीळ कोणी पाहायचे होते?

छत्तीसगडातही २०२५ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला बलरामपूर जिल्ह्यातल्या लुत्तीचा चार दशकांपूर्वी बांधलेला लहानसा बांध रात्री फुटला आणि खालच्या घरांतली माणसे गेली. शेजारी सिंगरौलीत १० एप्रिल २०२० ला सासन वीजप्रकल्पाच्या राखेच्या तळ्याचा बांध फुटून सहा जण मेले. राखेचा बांध हाही पाळच, फक्त मागे पाण्याऐवजी राखेचा चिखल. सरकारी असो की खासगी, या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: जे मेले ते बांधाखाली राहत होते, आणि बांधावर त्यांचा काही अधिकार नव्हता. या एका गोष्टीसाठी मी हा लेख लिहितो आहे.

कारण पूर्वी तसे नव्हते. रायपूर आणि भंडारा दोन्ही एकेकाळी एकाच मध्य प्रांतात होते. भोसल्यांचे राज्य दोन्हीकडे होते, मालगुजारी दोन्हीकडे होती, धान दोन्हीकडे होते, आणि म्हणून तलावही दोन्हीकडे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचे सहा हजारांहून अधिक तलाव आज आपण माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लाडाने 'मामा तलाव' म्हणून ओळखतो. ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. जो तलाव बांधील त्याला तलावाखालची जमीन, अशी गोंड राजांची पद्धत होती असे सांगतात. या पद्धतीतले शहाणपण माझ्या डोक्यात नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत शिरले नाही, पुढे शिरले. पाळ बांधणारा पाळीखालीच शेत करतो. पाळ फुटली तर त्याचेच धान जाते. म्हणून तो रोज पहाटे बैल सोडायच्या आधी पाळीवर एक चक्कर मारतो, तुडुमाशी, म्हणजे मोरीशी, ओल दिसली तर मुलाला हाक मारतो, बाभूळ उगवली तर उपटतो. त्याला कोणी तपासणी अधिकारी म्हटले नाही. पण दुसरी कसली तपासणी त्या तलावांना शतकानुशतके नव्हती.

मग १९५०-५१ मध्ये मध्य प्रदेशाच्या कायद्याने मालगुजारी गेली. तलाव सरकारजमा झाले. महाराष्ट्रात लहान तलाव पुढे जिल्हा परिषदांकडे आले. मालगुजारांचे राज्य संपले याबद्दल मला रडू येत नाही, त्यांच्या पाळी वेठबिगारीवर उभ्या होत्या हेही विसरायचे कारण नाही. पण कायद्यात एक पोटकलम होते. ज्या तलावात मालकाशिवाय दुसऱ्या कोणाचा सिंचनाचा हक्क नव्हता, असे तलाव मालकाकडेच राहू दिले. तर्क सरळ आहे: ज्याचे पाणी दुसरे कोणी घेत नाही त्याच्यावर दुसऱ्याचा दावा कशाला? हे लिहिणाऱ्यांच्या मनात एकच नाते होते, पाणी घेण्याचे. पाण्याच्या वाटेत राहण्याचेही एक नाते असते, हे त्यांना सुचले नाही. १९५१ मध्ये ते सुचण्यासारखे नव्हतेही. खाली धान होते.

कायद्याला हे नाते सुचले होते, पण परदेशात. १८६८ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, एका गिरणीमालकाचा खटला निकाली काढला. रायलंड्सने गिरणीसाठी लहान जलाशय बांधून घेतला, खाली जुन्या खाणीचे बुजलेले खड्डे होते, पाणी त्यातून शेजाऱ्याच्या, फ्लेचरच्या, खाणीत घुसले. मालकाची स्वतःची हयगय नव्हती, चूक कंत्राटदाराची होती. न्यायालय म्हणाले, आपल्या जमिनीवर निसटल्यास घात करील अशी वस्तू ज्याने जमवली, त्याने ती आपल्या जोखमीवर जमवली. निसटली तर भरपाई त्याची. जगभरच्या कायद्याच्या पुस्तकांतला 'कडक जबाबदारी'चा नियम एका लहान खासगी तलावातून निघाला आहे, हे मला नेहमी गमतीचे वाटते.

सहाच वर्षांनी, १८७४ मध्ये, तोच प्रश्न मद्रास इलाख्यातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. कार्वेटिनगरच्या जमीनदाराचे तलाव पावसात फुटले आणि मद्रास रेल्वे कंपनीचे नुकसान झाले. कंपनीने रायलंड्सचा नियम पुढे केला. प्रिव्ही कौन्सिल नाही म्हणाली. हे तलाव प्राचीन आहेत, देशाच्या शेतीचा जीव आहेत, जमीनदाराला ते बुजवण्याची मुभा नाही, उलट सांभाळण्याचे त्याचे कर्तव्य आहे. तेव्हा हयगय सिद्ध झाली तरच तो जबाबदार. निकाल जमीनदाराच्या बाजूचा, पण नीट वाचला तर त्यातून मालकीची एक फार वेगळी कल्पना डोकावते. तलाव तुझा आहे म्हणजे तो सांभाळायचे काम तुझे आहे, इतकेच. गिरणीमालकाला सूट नाही कारण तलाव त्याने आपल्या फायद्यासाठी बांधला. जमीनदाराला सूट आहे कारण तो लोकांसाठी बांधील आहे.

आता भनपुरीच्या पाळीला यातला कोणता न्याय लावायचा? आजोबांच्या काळात ती कार्वेटिनगरची होती; खालच्या धानाला पाणी देत होती. बांध्यांचे प्लॉट झाले, प्लॉटवर खोल्या झाल्या, आणि तलाव उरला फक्त मासळीच्या ठेक्यापुरता. म्हणजे कोणीही हातात फावडे न घेता ती जमीनदाराची पाळ गिरणीमालकाची पाळ झाली. मातीचा एक कण हलला नाही आणि तिची जात बदलली. धरणांची भाषा बोलणारे लोक याला धोक्याची वाढ म्हणतील. मला त्यात जास्त खटकते ते दुसरेच: धान गेले तेव्हा धानवालेही गेले. रोज पाळीवर चढणारे, ओल बघणारे डोळे गेले. खोल्यांतले लोक बिहारचे, ओडिशाचे, बस्तरचे. मिलमधली शिफ्टची नोकरी, नळाचे नाहीतर टँकरचे पाणी. तलावाशी त्यांचा संबंध डासांपुरता. पाण्यावरचा हक्क संपला, पाण्याचा धोका उरला, आणि वर पाटी लागली: प्रवेश निषेध.

मालकांची बाजू मी दादाच्या मध्यस्थीने ऐकून घेतली. तीन भावांतल्या मधल्याशी फोनवर बोललो. माणूस सभ्य होता. म्हणाला, आम्ही पाळ बांधली तेव्हा खाली कोणी नव्हते. खाली प्लॉट कोणी पाडले, घरपट्टी कोण वसूल करते, विजेचे मीटर कोणी दिले? धोका आमच्या पाळीने वाढवला की तिथे माणसे बसवणाऱ्यांनी? यावर माझ्याकडे तोडीस तोड उत्तर नव्हते, कारण तो बरोबर होता. पाळीखाली वस्तीला मान्यता देणाऱ्याने त्या वस्तीच्या डोक्यावर काय आहे ते पाहायला हवे होते, आणि पाळीच्या दुरुस्तीत त्याचाही वाटा असायला हवा. पण मग त्याने पुढचे वाक्य उच्चारले: 'नाहीतर बुजवूनच टाकू, सगळी कटकटच जाईल.' हे वाक्य धमकी नव्हते, योजना होती. तीन हेक्टरचे तिथे काय होतील ते त्याला माहीत होते, मलाही.

आणि इथे माझ्यासारख्या सुरक्षावाल्यांनी जपून पाऊल टाकायला हवे. रायपूर तलावांचे शहर म्हणून ओळखले जायचे. बुढा तालाब, तेलीबांधा अजून आहेत, पण कित्येक बुजले आणि त्यांची नावे मोहल्ल्यांना चिकटून उरली. उद्या प्रत्येक लहान पाळीला तज्ज्ञाचा दाखला सक्तीचा केला तर अर्धे मालक दाखल्याऐवजी जेसीबी बोलावतील. धोकादायक म्हणून तलाव बुजवणे हा बांधकामवाल्यांना मिळालेला सर्वांत सज्जन बहाणा ठरेल. आणि तपासणी अधिकारी नेमले तर काय होते ते सांगायला मला नोकरीची शपथ मोडावी लागेल. तेरा लाखांवर खासगी तळ्यांना पुरतील इतके अधिकारी नाहीत, आणि जे असतील ते पाळीवर चढण्याआधी मालकाच्या ओट्यावर बसतील.

म्हणून माझी मागणी फार लहान आहे, आणि तिच्यासाठी नवे खाते लागत नाही. पाळीखाली जो राहतो त्याला पाळीवर चढण्याचा हक्क द्या. खासगी असली तरी. पाऊस असताना रात्री-अपरात्री जाऊन ओल बघण्याचा, सांडव्यातला अडथळा काढण्याचा, पाळीची वही मागून वाचण्याचा. वही म्हणजे शंभर पानी शाळेचीच, पावसाळ्यात आठवड्याला एक ओळ: पातळी किती, धार कुठे, निर्मळ की गढूळ. वहीच्या पहिल्या पानावर एका जिवंत माणसाचे नाव आणि फोन. वाटणी झालेली असो वा नसो. लिहिणार कोण? छत्तीसगडात गावोगाव कोटवार आहे, आपल्याकडे कोतवाल आहे. जिथे गाव शहराने गिळले तिथे वॉर्डाचा कोणी. साठा २५,००० घनमीटरहून जास्त आणि खाली घरे, या दोन अटी बसल्या की अभियंता आणा, एरवी वही पुरे. मालकीहक्कावर हा घाला आहे असे कोणी म्हणेल. असेल. पण साठ हजार टन वजन दुसऱ्याच्या छपरावर तोलून धरायचा हक्क मालकीत येतो, आणि ते वजन हलते आहे का हे बघायचा हक्क छपराखालच्याला नाही, ही कोणती मालकी? कार्वेटिनगरच्या जमीनदारालाही इतकी मिळाली नव्हती.

बाटलीत थर दिसला त्या दिवशी आम्ही धारेवर वाळू आणि गिट्टी आणून टाकली. परवानगी मागितली नाही. म्हातारा राखणदार पाठमोरा बसून बिडी ओढत राहिला. विटांचे थर आणि जाळी तशीच ठेवली, कारण ठेकेदाराचे दोन पोरगे तिथेच उभे होते.

या जुलैत दादाचा फोन आला. दोन दिवस झड लागली होती, तलाव सांडव्याच्या वर गेला होता, आणि रात्री साडेअकराला खोल्यांतले सहा-सात जण कोयते घेऊन पाळीवर गेले. जाळी कापली, वरच्या विटा उचकटल्या. पहाटेपर्यंत पातळी टीचभर उतरली. बुडाची धार गिट्टीतून येत होती, निर्मळ होती, दादाने पुन्हा बाटली भरून ठेवली आहे. ठेकेदाराने चौकीत अर्ज दिला. दादाने तो मला फोनवर वाचून दाखवला: अज्ञात व्यक्तींनी रात्री खासगी मालमत्तेत घुसून साडेचार हजार रुपयांच्या जाळीचे नुकसान केले, अंदाजे ऐंशी किलो मासळी वाहून गेली, आरोपींचा शोध व्हावा.

'आरोपींत मीही होतो,' दादा म्हणाला. 'टॉर्च माझा होता.'